अ‍ॅरेचा वेग सारखा वर-खाली होतोय? सीएमआर आणि एसएमआर डिस्कमधला फरक

अ‍ॅरेवर (एकत्र जोडून वापरलेल्या डिस्कवर) बेंचमार्क, म्हणजे वेगाची चाचणी, पहिल्यांदा चालवला की आकडा छान, लगेच पुन्हा चालवला की निम्म्याहून खाली, आणि मशीन रात्रभर नुसतं चालू ठेवलं की सकाळी परत छान. असं होत असेल तर कंट्रोलर किंवा केबल बदलण्याआधी डिस्कचा मॉडेल नंबर बघा.

एसएमआर (शिंगल्ड मॅग्नेटिक रेकॉर्डिंग) डिस्कमध्ये ट्रॅक, म्हणजे डेटा लिहिण्याचे गोल पट्टे, कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात. मधला एक बदलायचा तर पुढचेही पुन्हा लिहावे लागतात. म्हणून डिस्क आलेला डेटा आधी राखीव कॅशमध्ये टाकते आणि सवड मिळाली की मूळ जागी नेते. कॅश भरली की लिहिण्याचा वेग कोसळतो. सीएमआरमध्ये (कन्व्हेन्शनल मॅग्नेटिक रेकॉर्डिंग) ट्रॅक सुटे असतात, त्यामुळे ही भानगडच नाही. सीएमआरचाही वेग बदलतो. आतल्या ट्रॅकवर तो बाहेरच्याच्या साधारण निम्मा असतो. पण त्याच जागी पुन्हा मोजलं तर आकडा जवळपास तोच येतो. थोडक्यात, सीएमआरचा वेग जागेवर ठरतो, तर एसएमआरचा आधी किती लिहिलंय त्यावर.

तपासायचं तर एफआयओ (fio) या चाचणीच्या टूलने डायरेक्ट मोडमध्ये, म्हणजे रॅममधली कॅश टाळून, रॅमपेक्षा बरीच मोठी फाइल घेऊन, रँडम राइट (विखुरलेल्या जागी लिहिणं) निदान अर्धा तास चालू ठेवा. मिनिटभराची चाचणी एसएमआरची फक्त कॅश मोजते. सोबत आयओस्टॅट (iostat) या कमांडमध्ये प्रत्येक डिस्कचा राइट वेटिंग टाइम (w_await) बघा. एकाच डिस्कचा आकडा वर गेला तर दोष तिथेच, कारण पूर्ण अ‍ॅरे सगळ्यात संथ डिस्कच्या चालीने चालतो. सगळ्या डिस्क एकदम मंदावल्या तर मात्र कंट्रोलरची बॅटरी बघा. ती उतरली की बरेच कंट्रोलर राइट-बॅक कॅश, म्हणजे डेटा आधी स्वतःच्या मेमरीत घेऊन नंतर डिस्कवर लिहिणं, बंद करतात.

एसएमआर वाईट नाही. एकदा लिहून ठेवायचे फोटो, यूएसबीवरचा बॅकअप अशा कामांना ती चालते, आणि स्वस्तही पडते. अ‍ॅरेसाठी, विशेषतः पॅरिटीवाल्या (एक डिस्क गेली तरी डेटा परत मिळावा म्हणून जादा माहिती ठेवणाऱ्या), मी ती कधीच सुचवणार नाही. तिथे एका छोट्या राइटमागे सहसा निदान दोन रीड आणि दोन राइट होतात, आणि रीबिल्ड (बदललेल्या डिस्कवर डेटा पुन्हा भरणं) म्हणजे तासन्‌तास सलग लिहिणं. 2020 साली वेस्टर्न डिजिटलच्या (डब्ल्यूडी) रेड मालिकेतल्या, मॉडेल नंबरात ईएफएएक्स असलेल्या 2 ते 6 टीबीच्या डिस्क एसएमआर असल्याचं उघड झालं, तेव्हा झेडएफएस ही फाइल सिस्टिम वापरणाऱ्यांच्या डिस्क रीसिल्व्हर (झेडएफएसमधलं रीबिल्ड) होता होता पूलमधून, म्हणजे डिस्कच्या संचातून, बाहेर पडत होत्या. नॅससाठी (नेटवर्कवरच्या स्टोरेजसाठी) म्हणून विकलेल्या डिस्कबाबत ही माहिती लपून राहावी, हे ग्राहकाच्या डेटाशी खेळणंच होतं. पुढे कंपनीने सीएमआर डिस्क रेड प्लस नावाने वेगळ्या केल्या. सीगेटकडे आयर्नवुल्फ सीएमआर आहे, तर 8 टीबीची बाराकुडा एसएमआर. म्हणून नुसत्या ब्रँडवर जाऊ नका, डेटाशीटमध्ये रेकॉर्डिंगचा प्रकार बघूनच घ्या.

अ‍ॅरेत आधीच एसएमआर असतील तर ताजा बॅकअप घेऊन एकेक करून बदला. रीबिल्डमध्ये जुन्या डिस्क मुख्यतः वाचल्या जातात, लिहिण्याचा भार नव्या सीएमआरवर पडतो. तेवढा वेळ अ‍ॅरेवर दुसरं मोठं काम लावू नका.