सहीच्या आधी की नंतर? खासगी भागीदारीतील वाहतूक प्रकल्पांवर विधिमंडळाची देखरेख

रस्ता, पूल किंवा विमानतळ दीर्घ मुदतीने खासगी कंपनीकडे सोपवण्याचा कायदा ज्यांना घडवायचा आहे, किंवा त्यासाठी आपल्या आमदाराकडे आग्रह धरायचा आहे, त्यांनी लोकप्रतिनिधींनी करार नेमका केव्हा पाहायचा हे आधी ठरवायला हवे.

आपल्याकडे ही तपासणी मुख्यतः सही झाल्यानंतर होते. सरकार किंवा महामंडळ करार करते, मग सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगचा अहवाल सभागृहात येतो आणि लोकलेखा समिती अधिकाऱ्यांची साक्ष घेते. दिल्ली विमानतळाचा करार एप्रिल २००६ मध्ये झाला, तर त्यावरील कॅगचा अहवाल संसदेत मांडला गेला ऑगस्ट २०१२ मध्ये. मूळ करारात नसलेले विकास शुल्क प्रवाशांकडून वसूल करू दिल्याने कंपनीला सुमारे ३,४१५ कोटी रुपयांचा लाभ झाला, हा त्यातील ठळक आक्षेप होता. पण तोवर नवे टर्मिनल सुरू होऊन दोन वर्षे उलटली होती. अशा तपासणीने कागदपत्रे उजेडात येतात, हे तिचे मोठेच मोल आहे. झालेला करार मात्र ती मोडू शकत नाही, आणि मोडायचाच तर किंमत जनतेलाच मोजावी लागते. कोल्हापुरात प्रदीर्घ आंदोलनानंतर २०१५ च्या अखेरीस टोल रद्द झाला, तेव्हा कंपनीची भरपाई सरकारी पैशातूनच करावी लागली.

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाने दुसरे टोक अनुभवले. तेथील टर्नपाइक, म्हणजे टोल असलेला महामार्ग, ७५ वर्षांसाठी भाड्याने देण्याकरिता २००८ मध्ये १२.८ अब्ज डॉलरची बोली आली होती, पण विधिमंडळाची संमती न मिळाल्याने बोलीदारांनी माघार घेतली. बोली लागल्यावर संमती मागितली, की कंपन्यांचा वेळ आणि पैसा वाया जातो, पुढच्या वेळी स्पर्धा रोडावते. म्हणून २०१२ च्या कायद्याने तेथे असे प्रकल्प मंजूर करण्यासाठी सात सदस्यांचे मंडळ नेमले, त्यातील चौघांची निवड विधिमंडळातील नेत्यांकडे दिली आणि मंडळाचा निर्णय ठराविक मुदतीत ठरावाने रद्द करण्याचा अधिकार सभागृहांकडे ठेवला. तरीही नऊ पुलांवर टोल लावण्याची योजना २०२२ मध्ये न्यायालयात टिकली नाही, कारण मंडळाने बाधितांशी पुरेशी सल्लामसलत केली नव्हती. मंडळात आपली माणसे बसवली म्हणजे देखरेख झाली, असे मानू नये.

अमेरिकेतल्याच व्हर्जिनिया राज्याची पद्धत मला अधिक पटते. तेथे ‘मार्ग ४६०’ या महामार्गासाठी आवश्यक पर्यावरणीय परवाना हाती नसतानाच करार झाला आणि बांधकाम सुरू न होताच २५ कोटी डॉलरहून अधिक खर्च झाला. त्यानंतर २०१५ च्या सुधारणेने, प्रकल्प खासगी भागीदारीतून करणे जनहिताचे आहे का, याची छाननी निविदेच्या वाटेवरच करणारी समिती आणली आणि तिच्यात विधिमंडळाच्या अर्थविषयक समित्यांच्या अधिकाऱ्यांनाही स्थान दिले.

प्रत्येक करारावर सभागृहात मतदान घेतले, तर विषय पक्षीय गणितात अडकतो. केवळ कॅगवर भिस्त ठेवली, तर उशीर अटळ असतो. त्यामुळे महाराष्ट्रासाठी माझे मत असे, की मसुदा अंतिम होण्याआधी सर्वपक्षीय समितीने तो वाहतुकीचे अंदाज, टोलची मुदत आणि भरपाईची कलमे यांसह ठरलेल्या मुदतीत तपासावा, आणि कंपनीचे हिशेब कॅगला खुले ठेवण्याची अट करारातच असावी.