ग्रूमिंग सेंटरच्या ग्राहकांची यादी कशी पळवली गेली: नाशिकमधील एक फसवणूक

नाशिकमध्ये पाळीव प्राण्यांच्या ग्रूमिंगचा व्यवसाय करणाऱ्यांकडे सध्या ‘तुमचे जुने ग्राहक ईमेलने परत आणून देऊ’ असे सांगणारे लोक फिरत आहेत, आणि त्यांच्यापैकी एका संस्थेने माझ्याशी केलेला व्यवहार तपशिलात लिहिणे मला आवश्यक वाटते. प्रकरण पोलिसांत आणि ग्राहक आयोगात असल्यामुळे संस्थेचे नाव लिहीत नाही. पद्धत मात्र सविस्तर लिहिते, म्हणजे हीच मंडळी दुसऱ्या नावाने आली तरी ओळखता येतील.

माझे सेंटर इंदिरानगरमध्ये आहे. या धंद्यात ग्राहक नाराज होऊन जातो असे क्वचितच घडते. तो बहुधा विसरतो. शिह त्झू, ल्हासा ॲप्सो यांचे केस सतत वाढत राहतात, त्यामुळे चार ते सहा आठवड्यांनी त्यांना आणावे लागते. पर्शियन मांजराच्या पोटाखाली आणि काखेत त्याहून लवकर गुंते धरतात. गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड यांची केसगळती ऋतू बदलताना वाढते आणि तेव्हा आतली लोकर विंचरून काढावी लागते. पावसाळ्यात तर लोक ‘आता कशाला आंघोळ’ म्हणून येणे पुढे ढकलतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत ओल्या केसांचे गोळे होतात व गोचिडांचा त्रास वाढतो. म्हणून वेळेवर एक आठवण पाठवणे हे आमच्या कामाचाच भाग आहे. व्हॉट्सॲपवर एकाच वेळी शेकडो जणांना जाहिरात पाठवली की लोक तक्रार करतात आणि व्यवसायाचा नंबर बंद पडण्याची भीती असते. माझे बरेचसे ग्राहक अंबड-सातपूरच्या कंपन्यांत किंवा घरून संगणकावर काम करणारे आहेत, त्यांना ईमेल रोज पाहावीच लागते. त्यामुळे ईमेलचा पर्याय मला पटला, आणि तो चुकीचा होता असे मी आजही म्हणणार नाही.

माझ्याकडे ४१२ ग्राहकांचे ईमेल पत्ते होते, आणि प्रत्येकासमोर प्राण्याचे नाव, जात, वाढदिवस, मागच्या भेटीची तारीख आणि त्वचेविषयीच्या नोंदी होत्या. संस्थेचा माणूस आला, त्याने ही एक्सेल फाईल पाहिली आणि म्हणाला, ‘मॅडम, तुमच्याकडे सोनं आहे, फक्त वापरता येत नाहीये.’ पुढे जे घडले ते पाहता त्याच्या या वाक्याचा पहिला अर्धा भाग अगदी प्रामाणिक होता.

करार तीन महिन्यांचा होता. महिन्याला ६,००० रुपये म्हणजे १८,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ३,२४० रुपये, असे एकूण २१,२४० रुपये आगाऊ घेतले गेले. ‘तीन महिन्यांत चाळीस टक्के ग्राहक परत येण्याची हमी’ असे लेखी दिले. मी तोपर्यंत जीमेलचा मोफत पत्ता वापरत होते; त्याने सांगितले की अशा पत्त्यावरून बाहेरच्या यंत्रणेमार्फत मोठ्या संख्येने मेल पाठवल्यास त्या पोहोचत नाहीत आणि स्वतःचे डोमेन, म्हणजे आपल्या दुकानाच्या नावाचा इंटरनेटवरचा पत्ता, लागेल. हे म्हणणे खरे होते. गूगलने आणि याहूने फेब्रुवारी २०२४ पासून नियम कडक केले आहेत: मेल खरोखर त्याच डोमेनची आहे हे पटवणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या नोंदी घाऊक पाठवणाऱ्याला कराव्या लागतात, जाहिरातीच्या मेलमध्ये एका क्लिकवर नाव काढून घेण्याची सोय द्यावी लागते, आणि मेलला ‘स्पॅम’ म्हणणाऱ्यांचे प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवावे लागते. हे सर्व त्याने मला नीट समजावून सांगितले. फसवणारा सगळेच खोटे बोलत नाही. त्याच्या बोलण्यातला तपासता येण्याजोगा भाग बहुधा खरा असतो, हे मला या प्रकरणात फार जवळून दिसले.

डोमेन त्यांनीच घेतले, ‘तांत्रिक कटकट तुम्हाला नको’ म्हणून. दुकानाच्या पाटीवर, कार्डांवर आणि बिलांवर तो नवा पत्ता छापला गेला.

पहिल्या महिन्याच्या शेवटी एक देखणी पीडीएफ आली. त्यात वर चढत जाणारा आलेख होता आणि ‘वेगवेगळे वाचक १,८६०’ असा आकडा होता. माझ्या यादीत पत्तेच ४१२ असताना वेगवेगळे वाचक १,८६० कसे, असे विचारल्यावर उत्तर मिळाले की ‘आमच्याकडचे नाशिकचे पेट ओनर्सही जोडलेत मॅडम, ते तुम्हाला फ्री आहे.’ म्हणजे कुठून तरी मिळवलेले, ज्यांनी माझ्या सेंटरचे नावही ऐकलेले नाही अशा लोकांचे पत्ते माझ्या नावाने वापरले जात होते. ज्या यंत्रणेतून मेल जातात तिचे लॉगिन मी मागितले, तेव्हा ‘ते एकच खाते सगळ्या क्लायंटसाठी आहे, गोपनीयतेमुळे देता येत नाही’ असे सांगण्यात आले. इथे ‘मेल उघडली’ या आकड्याविषयीही लिहायला हवे. मेलमध्ये डोळ्यांना न दिसणारे एक बारीकसे चित्र ठेवलेले असते आणि ते चित्र उतरवले गेले की मेल उघडली असे मोजले जाते. सप्टेंबर २०२१ पासून ॲपलच्या मेल ॲपमध्ये गोपनीयतेची सोय चालू ठेवली असेल, तर वाचणाऱ्याने मेल उघडलेली नसतानाही ही चित्रे परस्पर उतरवली जातात. त्यामुळे खऱ्याखुऱ्या यंत्रणेतून आलेला हा आकडाही फुगलेला असू शकतो. माझ्या हातात तर केवळ एक पीडीएफ होती.

हमीचा हिशेब त्याहून चतुर होता. दर शुक्रवारी सर्वांना एकच मेल जाई: ‘या आठवड्यात ५० टक्के सूट’, आणि खाली कूपन. आठवडाभरात ज्याने ते कूपन दाखवले तो ‘ईमेलमुळे परत आलेला ग्राहक’ म्हणून त्यांच्या अहवालात मोजला जाई. मी माझ्या वहीशी ताडून पाहिले, तेव्हा त्यातले बहुतेक जण असे निघाले की ज्यांची पाळी त्या सुमारास आलेलीच होती, जे नेहमीप्रमाणे येणारच होते, आणि आता निम्म्या पैशांत येऊन गेले. जे वर्षभर फिरकले नव्हते, ते तसेच न फिरकलेले राहिले. ईमेलचा खरा उपयोग मोजायचा असेल तर यादीतील काही ग्राहकांना महिनाभर मेल पाठवूच नये आणि दोन्ही गटांतील किती जण आले हे आपल्या वहीत पाहावे, इतकी ही साधी गोष्ट आहे. ती सुचवल्यावर तो माणूस म्हणाला की त्यामुळे ‘मोमेंटम’ जाईल.

दुसऱ्या महिन्यात वेळ ठरवून गेलेल्या लोकांना माझ्या साध्या खातरजमेच्या मेलही मिळेनाशा झाल्या. एका ग्राहकाने स्पॅमच्या कप्प्यात शोधल्यावर त्या सर्व तिथे पडलेल्या आढळल्या. त्याचे कारण उघड होते. विकत घेतलेल्या पत्त्यांवरचे लोक अनोळखी मेलला स्पॅम ठरवतात. ४१२ जणांच्या यादीतसुद्धा दोघांनी तसे केले तरी ०.३ टक्क्यांची मर्यादा ओलांडली जाते, तिथे शेकडो परक्या पत्त्यांवर काय होत असेल! एकदा डोमेनची पत घसरली की त्याच डोमेनवरून जाणारी कामाची पत्रेही त्याच कप्प्यात जातात.

त्याच सुमारास नाशिकरोडच्या एका आजींचा फोन आला. त्यांचा लॅब्रेडॉर शेरू वर्षापूर्वी गेला होता, आणि माझ्या फाईलमध्ये त्याच्या नावापुढे तशी स्पष्ट नोंद होती. तरीही त्यांना ‘शेरू, वाढदिवसाच्या शुभेच्छा! आंघोळीवर खास सूट’ अशी मेल गेली. ‘ताई, शेरू गेला हे तुम्हाला सांगितलं होतं ना?’ एवढेच त्या म्हणाल्या. पैशांच्या नुकसानीपेक्षा हा फोन मला अधिक लागला.

आता मुख्य गोष्ट. फाईल तयार केली तेव्हा वाढदिवसाची मेल वेळेवर जाते की नाही हे पाहण्यासाठी मी तिच्यात एक खोटी नोंद घातली होती: बंड्या, जात बीगल, आणि पुढे फक्त याच कामासाठी उघडलेला एक ईमेल पत्ता. असा कुत्रा जगात नाही आणि तो पत्ता त्या फाईलबाहेर कुठेही दिलेला नव्हता. तिसऱ्या महिन्यात बंड्याला एका परक्या विक्रेत्याकडून ‘तुमच्या बीगलच्या वाढदिवसानिमित्त’ खाद्याच्या पिशवीवर सवलत देऊ करणारी मेल आली. त्यानंतर पाळीव प्राण्यांच्या विम्याची आली, आणि मग शहरातीलच दुसऱ्या एका ग्रूमिंग सेंटरची. ग्राहक परत आणणे हा त्यांचा धंदाच नव्हता. ग्राहकांच्या याद्या गोळा करणे हा होता, आणि त्या देण्यासाठी आम्ही वर २१,२४० रुपयेही भरत होतो.

मी करार थांबवून डोमेन माझ्या नावावर करण्यास सांगितले, तेव्हा ‘रिलीज चार्ज’ म्हणून १५,००० रुपये मागण्यात आले. साधे डोमेन वर्षाला साधारण हजार रुपयांच्या आत मिळते. पण ते ज्याच्या खात्यात नोंदले आहे तोच ते हलवण्यासाठी लागणारा संकेतांक काढू शकतो, आणि पाटीवर पत्ता माझा असला तरी नोंदणीत माझे नाव कुठेच नव्हते. डॉट इन डोमेनसाठी वाद मिटवण्याची अधिकृत पद्धत आहे, परंतु लहान दुकानाला तिचा खर्च डोमेनपेक्षा कितीतरी महाग पडतो, आणि मागणारा हे जाणूनच आकडा सांगतो. मी ते पैसे दिले नाहीत. स्वतःच्या खात्यातून दुसरे डोमेन घेतले आणि पाटी पुन्हा रंगवली.

बिलावरचा जीएसटी क्रमांक तपासण्याची बुद्धी माझ्या हिशेबनिसाची. पंधरा अंकाक्षरांच्या त्या क्रमांकाची सुरुवात महाराष्ट्राच्या २७ ने होत होती, म्हणून पाहताक्षणी तो खरा वाटत होता. जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकल्यावर मात्र ती नोंदणी रद्द झालेली दिसली. कर म्हणून माझ्याकडून घेतलेले ३,२४० रुपये सरकारकडे जाण्यासाठी नव्हतेच. ही तपासणी कोणालाही विनामूल्य आणि मिनिटभरात करता येते, आणि तिथे व्यवसायाचे कायदेशीर नावही दिसते. माझ्या बिलावरचे नाव वेगळेच होते.

शहर सायबर पोलीस ठाण्यात अधिकाऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतले. काम समाधानकारक झाले नाही एवढीच तक्रार असेल तर तो दिवाणी वाद होतो, असे त्यांनी सांगितले. प्रकरणाला वजन आले ते बंड्याच्या मेलमुळे. कराराखाली हाती आलेली लोकांची वैयक्तिक माहिती त्यांच्या संमतीशिवाय इतरांना देणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७२अ चा विषय आहे, आणि खोटी हमी व रद्द क्रमांक दाखवून पैसे घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ चा. १ जुलै २०२४ पूर्वी हेच आपण ४२० म्हणून ओळखत होतो. मेल पुढे न पाठवता मूळ स्वरूपात जतन करा, असे त्यांनी बजावले. जीमेलमध्ये ‘मूळ दाखवा’ म्हटले की ती कोणत्या यंत्रणेतून आली आणि तिच्या तपासण्या उत्तीर्ण झाल्या की नाही हे दिसते. मेल पुढे पाठवली की हा मूळ तपशील त्या प्रतीत उरत नाही. पैसे नुकतेच गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर आधी फोन करावा, उशीर झाल्यास खात्यातील रक्कम गोठवणे अवघड होते.

ग्राहक आयोगाविषयी एक समज मी अनेकांकडून ऐकला, की व्यवसायासाठी घेतलेल्या सेवेची तक्रार तिथे चालतच नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेतलेल्या वस्तूंचा वापर व्यावसायिक मानलेला नाही; सेवेचा तिथे वेगळा उल्लेख नाही, पण तेच तत्त्व सेवेलाही लागू व्हावे असे माझे म्हणणे आहे. माझे सेंटर मी आणि एक मदतनीस मिळून चालवतो, आणि याच आधारावर तक्रार केली. मोबदल्याची रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्कही लागत नाही.

हे सर्व चालू असताना ४१२ जणांना मी स्वतः पत्र लिहून त्यांची कोणती माहिती बाहेर गेली हे कळवले. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याची रचनाच अशी आहे की माहिती ज्याने गोळा केली त्याची जबाबदारी, ती दुसऱ्याला हाताळायला दिली तरी, संपत नाही. काही जण रागावले, काहींनी नाव काढायला सांगितले, आणि ते काढले. आठवणीच्या मेल आता मीच पाठवते: ज्याची पाळी आली त्यालाच, सूट न देता, ‘टॉफीला येऊन पाच आठवडे झाले, कानामागचे केस तपासून घ्या’ इतक्याच मजकुराच्या. वही पाहता, परत येणारे यातूनच अधिक आहेत.

अलीकडे गंगापूर रोडवरील एका दातांच्या दवाखान्यातील व्यवस्थापकाने मला त्यांच्याकडे आलेला असाच एक अहवाल दाखवला. संस्थेचे नाव वेगळे होते, पण आलेख तोच, आणि ‘वेगवेगळे वाचक १,८६०’ हा आकडाही तोच. ती प्रत आम्ही दोघांनी मिळून सायबर ठाण्यातील तक्रारीला जोडली आहे. शहरात ज्यांच्याकडे असा अहवाल आला असेल, त्यांनी तो बिलासह तिथे नेऊन द्यावा. तिथे त्याची नोंद करून घेतली जाते.