देवगिरी, वेरूळ की अजिंठा? होस्टेलच्या बजेटात एक दिवस

छत्रपती संभाजीनगरात शिकायला आलेली निम्मी पोरं लातूर, नांदेड, परभणी, बीडकडची. विद्यापीठात काही थेट येमेनसारख्या देशांतूनही येतात. रूम लागली, मेस लागली की सगळ्यांचा प्रश्न एकच असतो: हाताशी एक दिवस आहे, पैसे बेताचे आहेत, आधी कुठं जायचं?

लोक लगेच तिकिटाचे दर सांगायला लागतात, पण तिकिटात फारसा फरक नाही. देवगिरीला २५ रुपये, वेरूळ आणि अजिंठ्याला ४०. ऑनलाइन काढलं तर पाच रुपये वाचतात. १५ वर्षांखालच्यांना फुकट असतं, आपण त्यात बसत नाही. निवड करायची ती दोन गोष्टींवर: एसटीत किती तास जातात आणि जागेवर किती उरतात. मुलींना एसटीचं अर्धंच तिकीट असल्यामुळे लांबची ठिकाणं त्यांना जास्त परवडतात, एवढं लक्षात ठेवा.

माझं मत आधीच सांगतो: पहिली फेरी देवगिरीची करा.

देवगिरीचा, म्हणजेच दौलताबादचा, किल्ला शहरापासून पंधरा किलोमीटरवर. मध्यवर्ती बसस्थानकातून खुलताबाद-वेरूळकडे जाणारी गाडी धरायची आणि किल्ल्यापाशी उतरायचंय असं कंडक्टरला आधीच सांगून ठेवायचं. सकाळी नऊला निघालात तरी दिवस तुमचाच. पडकं, जुनं, थरावर थर चढलेलं काही बघायचं असेल तर या भागात याच्या तोडीचं ठिकाण नाही. यादवांची राजधानी; १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजी इथवर आला, १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकानं दिल्लीची राजधानी इथं हलवली. आत शिरल्यावर जुन्या देवळांच्या खांबांवर उभी राहिलेली मशीद लागते आणि तिच्यात आज भारतमातेची मूर्ती आहे. समोर १४४५ चा चांदमिनार. पुढं चिनी महाल. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान तानाशाह याला औरंगजेबानं इथंच कैदेत ठेवलं होतं. भिंतीवर निळ्या फरशीचे तुकडे अजून शोधले तर सापडतात.

खरी गंमत खंदकाच्या पुढं आहे. डोंगराचा कडा सगळीकडून तासून उभा केलाय, त्यामुळे वर जायला एकच वाट: अंधारी. पूर्ण काळोख, वळणं, खालीवर पायऱ्या आणि वटवाघळांचा वास. मोबाइलची बॅटरी तेवढी राखून ठेवा. त्यानंतर बारादरी या वरच्या महालापर्यंत चढच चढ. एप्रिल-मेच्या उन्हात हे करू नका. गुडघ्याचा त्रास असेल तर चिनी महालापर्यंत जाऊन परत फिरा, पैसे तरीही वसूल होतात. डबा पिशवीत खोल ठेवा, माकडांचं लक्ष असतं. सीताफळाच्या दिवसांत गेलात तर परत येताना रस्त्यावरची दौलताबादची सीताफळं घ्या.

वेरूळ त्याच रस्त्यावर, शहरापासून तीस किलोमीटर. म्हणून सगळे दोन्ही एका दिवसात उरकतात. पॅकेजवाले तर किल्ला, खुलताबाद, वेरूळ, घृष्णेश्वर आणि शेवटी बीबी का मकबरा असं सगळंच कोंबतात. किल्ल्याला तास-दीड तास मिळतो, म्हणजे अंधारीच्या तोंडाशी पोचेपर्यंत गाडीवाला हॉर्न देत असतो. तुम्ही चार वर्षं इथं राहणार आहात, तुम्हाला कसली घाई?

वेरूळला एकूण ३४ लेणी: १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू, ३० ते ३४ जैन. सगळ्यांना कैलास, म्हणजे १६ नंबर, आधी बघायचं असतं. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिल्या कृष्णाच्या काळात अख्खं देऊळ वरून खाली कोरत आणलेलं, त्यामुळे गर्दीही तिथंच. माझा सल्ला उलटा. सकाळी गेल्या गेल्या १० नंबरच्या चैत्यात, म्हणजे बौद्ध प्रार्थनागृहात, जा, मग तीन मजली १२ नंबर करा आणि कैलास जेवणानंतरसाठी ठेवा. जैन लेणी बाजूला पडतात, चालायचा कंटाळा करून लोक ती सोडतात. ३२ नंबरची इंद्रसभा सोडण्यासारखी नाही. पावसाळ्यात गेलात तर २९ नंबरजवळचा धबधबा चालू असतो. गावात मालोजीराजे भोसल्यांच्या गढीचे अवशेष आहेत, तिकडं कुणी फिरकत नाही. वेरूळ मंगळवारी बंद. रविवारी गर्दी आणि वर मेसची फीस्ट बुडणार, त्यामुळे लेक्चर नसलेला मधला वार बरा.

अजिंठा म्हणजे वेगळंच प्रकरण. शंभर किलोमीटर, जळगावकडच्या गाडीनं फर्दापूरच्या टी पॉइंटला उतरायचं. तिथून लेण्यांपर्यंत स्वतःची गाडी नेता येत नाही, प्रदूषण टाळायला ठेवलेल्या बसनंच जावं लागतं आणि तिचं भाडं वेगळं. जाण्यायेण्यात पाच-सहा तास सहज जातात. चित्रं बघायला १, २, १६ आणि १७ नंबर. आत उजेड मुद्दाम कमी ठेवलेला असतो, डोळे सरावेपर्यंत थांबावं लागतं. तेव्हा परतीच्या गाडीचं टेन्शन घेऊन अजिंठा करण्यात अर्थ नाही. स्कॉलरशिप जमा झाली की पहाटेची गाडी धरून जा, फक्त सोमवार टाळा. वाघूर नदीच्या वळणातली ती घोड्याच्या नालेच्या आकाराची कड पावसाळ्यानंतर बघावी.

परदेशी मित्र बरोबर असेल तर गणित बदलतं. त्याला वेरूळ किंवा अजिंठ्याला ६०० रुपये आणि देवगिरीला ३०० पडतात. नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका अशा सार्क देशांच्या आणि थायलंड, म्यानमारसारख्या बिमस्टेक देशांच्या पोरांना मात्र भारतीयांचाच दर. पासपोर्ट जवळ ठेवायला सांगा. १८ एप्रिलला जागतिक वारसा दिन असतो, त्या दिवशी प्रवेश मोफत असल्याची घोषणा काही वर्षी होते. येमेनी मित्राला घेऊन वेरूळला जायचं तर ती बातमी बघून मगच ठरवा.

पितळखोऱ्याची लेणी कन्नडच्या पुढं, गौताळ्याच्या जंगलात. एसटीच्या भरवशावर जायची जागा नाही. दोन बाईक, चार जण आणि पेट्रोलची वाटणी जमत असेल तरच. गर्दी नसते आणि दरीत उतरायचं असल्यानं परत चढायची ताकद शिल्लक ठेवावी लागते.

आणि अर्धाच दिवस असेल तर? मकबऱ्याच्या मागच्या डोंगरातल्या औरंगाबाद लेण्या घ्या, विद्यापीठातून रिक्षाचं भाडं तिघांत वाटलं की चहाइतकंच पडतं. लोक मकबरा बघून परत फिरतात. ३ नंबरमध्ये गुडघ्यावर बसलेले भक्त आहेत, जवळजवळ माणसाच्या उंचीचे. ७ नंबरच्या आत नाचणारी स्त्री आणि तिच्या भोवती वाद्यं वाजवणाऱ्या बायका. दोन गटांत बरंच अंतर आहे, तेव्हा रिक्षावाल्याला थांबवून ठेवायचं की परत चालत यायचं हे उतरायच्या आधीच त्याच्याशी ठरवून घ्या.