एलक्यू ट्रेलर: एक हिवाळा आणि एक उन्हाळा काढल्यानंतर

आधी निकाल सांगते, म्हणजे घाईत असलेल्यांना पुढचं वाचायची गरज पडणार नाही. लिव्हिंग क्वार्टर ट्रेलर, म्हणजे ज्यात मागे घोडे आणि पुढे माणसांना राहायची खोली असते असा ट्रेलर, ज्याला इथे सगळे एलक्यू म्हणतात, घेतल्याचं आम्हाला समाधान आहे आणि तो विकायचा विचारही नाही. पण शोरूममध्ये ज्या गोष्टी दाखवून तो विकला जातो, त्यातल्या निम्म्या गोष्टींचा आम्हाला काडीचाही उपयोग झाला नाही. उपयोग झाला तो घोड्यांच्या बाजूला केलेल्या खर्चाचा आणि पाणी, वीज, वजन या तीन हिशेबांचा.

आम्ही टेक्सासात, डॅलसच्या उत्तरेला राहतो. मी आणि माझी लेक एन्ड्युरन्स रायडिंग, म्हणजे लांब पल्ल्याची घोडेस्वारी, करतो. अमेरिकेत या खेळाची संघटना एईआरसी. तिच्या नियमांत २५ ते ३५ मैलांची मर्यादित पल्ल्याची राइड असते आणि ५० मैलांपासून पुढे खरी एन्ड्युरन्स सुरू होते. कॅलिफोर्नियातली टेव्हिस कप तर २४ तासांत १०० मैल, १९५५ पासून चालू आहे. आम्ही अजून २५-३० मैलांवाल्यांतच आहोत. नवरा घोड्यावर बसत नाही, पण ट्रक तोच चालवतो आणि कॅम्पवरचा स्वयंपाकही बहुतेक त्याचाच. घोडे दोन: रेवा ही अरबी घोडी आणि डस्टी हा क्वार्टर हॉर्स जातीचा घोडा. ट्रेलर सेकंड हँड, ॲल्युमिनियमचा, गूजनेक (ट्रकच्या हौद्यात जोडला जाणारा), तीन घोड्यांचा स्लँट-लोड, पुढे आठ फूट शॉर्ट वॉलची राहायची जागा.

ज्यांनी असा ट्रेलर पाहिलेला नाही त्यांच्यासाठी: स्लँट-लोडमध्ये घोडे तिरके उभे राहतात, त्यामुळे त्यांच्या आणि आपल्या खोलीमधली भिंतही तिरकी. म्हणजे खोलीची एक बाजू आखूड, एक लांब. जाहिरातीत आठ फूट, दहा फूट असं जे लिहितात ते आखूड बाजूचं माप. आमच्या आठ फुटांत एक सोफा, दोन बर्नरची शेगडी, सिंक, फ्रिज, टॉयलेट आणि उभं राहून कशीबशी अंघोळ होईल असा शॉवर आहे. पलंग वर, ट्रकच्या हौद्यावर येणाऱ्या भागात. तिथे बसलं की डोकं छताला लागतं. तिघांना पुरतं. पाहुणे आले तर नाही पुरत.

हे सगळं लागतं कशाला, तर राइड-कॅम्पमुळे. राइडच्या आदल्या दिवशी दुपारी पोचायचं, व्हेटकडून, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरांकडून, घोडा तपासून घ्यायचा, संध्याकाळी रायडर्सची मीटिंग, आणि सकाळी उजाडता उजाडता सुरुवात. कॅम्प म्हणजे बहुधा कुणाचं तरी कुरण नाहीतर सरकारी गवताळ रान. वीज नाही, नळ नाही, जवळचं मोटेल तासभर दूर, आणि असलं तरी घोडा सोडून तिकडे झोपायला कोण जाणार? शिवाय राइडचे टप्पे पुष्कळदा फिरून कॅम्पवरच येतात. व्हेट-चेकला घोड्याचे ठोके मिनिटाला ६० किंवा ६४ पर्यंत उतरले की मग सक्तीची विश्रांती. त्या वेळात घोड्याला गवत-पाणी, आपल्या पोटात दोन घास, मोजे बदलणं, हे सगळं ट्रेलरपाशीच. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडेवाले दत्तजयंतीपासून आपल्या जनावरांशेजारीच मुक्काम टाकतात, त्यांना यातलं काही समजावून सांगावं लागणार नाही.

आता घोड्यांची बाजू, कारण ती सगळ्यात महत्त्वाची. आमच्या ट्रेलरला प्रत्येक घोड्याच्या तोंडापाशी खाली पडणारी खिडकी आहे, शेपटीकडे सरकती खिडकी आहे आणि छतात झरोके आहेत. छत इन्सुलेटेड आहे. जुलैमध्ये ट्रॅफिकमध्ये अडकलात तर या चार गोष्टींची किंमत कळते. गव्हाणी नाहीत, आणि हे आम्ही मुद्दाम शोधून घेतलं. गव्हाण असली की तिच्याखाली सामानाला जागा मिळते, म्हणून लोकांना ती आवडते. पण घोड्याला मान खाली घालता आली पाहिजे. तासन् तास मान वर बांधून ठेवली की श्वासनलिकेतली धूळ आणि शेंबूड खाली उतरत नाही, आणि लांबच्या प्रवासानंतर फुफ्फुसाचा आजार उद्भवू शकतो. आम्ही दोर सैल ठेवतो, गवताची जाळी खालच्या बाजूला बांधतो, दर तीन-चार तासांनी थांबतो आणि पाणी दाखवतो. पाणी घरचंच नेतो, कारण रेवा परक्या पाण्याला तोंड लावत नाही.

खोगिरांची खोली मागच्या कोपऱ्यात आहे. दोन खोगिरं, पॅड, लगाम, खराऱ्याचं सामान, औषधांची पेटी, सगळं तिथे मावतं. राहत्या जागेत खोगीर ठेवायची वेळ आली नाही, हे फार बरं झालं. घामाने भिजलेल्या पॅडचा वास एकदा उशीत शिरला की निघत नाही.

रात्रीबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण हे कुठल्याच माहितीपत्रकात नसतं. कॅम्पवर घोडे ट्रेलरच्या कडेला बांधलेले असतात. आम्ही छताजवळ बसवलेला लवचीक आडवा दांडा वापरतो. त्यामुळे घोड्याला चार पावलं फिरता येतं, लोळता येतं, पण दोर पायात अडकत नाही. डस्टीला मध्यरात्री ट्रेलरला ढुंगण घासायची सवय आहे. त्याने घासलं की वर पलंगावर आम्ही तिघं हलतो. सुरुवातीला मी दचकून उठायची. आता झोपेतच ओळखू येतं: गवत चावण्याचा एकसारखा करकर आवाज म्हणजे सगळं ठीक, एक लांब फुरफुर म्हणजे रेवा उभ्या उभ्या डुलकी घेतेय. एका राइडच्या आदल्या रात्री तो चावण्याचा आवाज बंद झाला आणि त्याच्या जागी खूर आपटल्याचा आवाज आला. थांबून थांबून, एकाच पायाचा. बाहेर जाऊन पाहिलं तर डस्टी मान वळवून स्वतःच्या कुशीकडे बघत होता, गवत तसंच पडलं होतं. पोटशूळाची सुरुवात. राइडचे व्हेट कॅम्पवरच होते. त्यांनी लगेच तपासून औषध दिलं, आम्ही त्याला फिरवत राहिलो आणि पहाटे त्याने लीद टाकली. आम्ही तासभर दूरच्या मोटेलवर असतो तर हे सकाळी कळलं असतं. ट्रेलरवर खर्च केलेला प्रत्येक डॉलर माझ्यासाठी त्या रात्री वसूल झाला.

पाण्याचा हिशेब नव्या माणसांना चकवतो. आमची माणसांसाठीची टाकी ३० गॅलनची, म्हणजे साधारण ११३ लिटर. जपून वापरलं तर तिघांचा शनिवार-रविवार निघतो: अंघोळ म्हणजे अंग ओलं करा, नळ बंद, साबण लावा, मग परत नळ. पण घोडा साध्या दिवशीच पाच ते दहा गॅलन पाणी पितो, उन्हाळ्यात राइडनंतर त्याहून जास्त. राइडच्या दिवशी दोन घोड्यांना ती टाकी एका दिवसातही कोरडी पडू शकते. म्हणून मागे कोपऱ्यात घोड्यांसाठी वेगळी टाकी लावून घेतली. बॅन्डेराजवळच्या हिल कंट्री स्टेट नॅचरल एरियात तर माणसांना पिण्याजोगं पाणीच नाही, सगळं घरून न्यावं लागतं. आणि पाण्याला वजन आहे: एक गॅलन ८.३४ पौंड. टाक्या भरून निघालो की ट्रकला लगेच जाणवतं.

विजेचंही तसंच. प्लग असलेल्या जागी, उदाहरणार्थ फोर्ट वर्थच्या विल रॉजर्स सेंटरसारख्या ठिकाणी, काही प्रश्न नसतो. आमचं कनेक्शन ३० अँपिअरचं, १२० व्होल्टवर म्हणजे ३६०० वॉट. एसी चालू असताना मायक्रोवेव्ह लावला आणि त्यात गीझरही विजेवर असला, तर ब्रेकर पडणारच. क्रम ठरवून घेतला की भागतं. खरी परीक्षा रानात. एसी १३,५०० बीटीयूचा आहे, तो बॅटरीवर चालत नाही, जनरेटर लागतो. ऑगस्टमध्ये दुपारी ॲल्युमिनियमची ती खोली भट्टी होते. जनरेटर दुपारी दोन-तीन तास चालवायचा, शेजारच्यांना विचारून, आणि रात्री बंद. कार्बन मोनॉक्साइडचा डिटेक्टर चालू आहे ना, हे दर वेळी बटण दाबून बघते. यात हयगय नको.

हिवाळ्यात उलटा प्रकार. हीटर प्रोपेनवर चालतो, पण त्याचा पंखा बॅटरीवर. ट्रेलरसोबत आलेल्या जुन्या लेड-ॲसिड बॅटऱ्या पहाटेपर्यंत टिकायच्या नाहीत. साडेचारला पंखा मंदावायचा आणि खोली गार पडायची, नेमकी उठायच्या वेळी. लिथियम बॅटरी आणि छतावर २०० वॉटचं सोलर पॅनेल लावल्यापासून हा त्रास गेला. सगळ्या ट्रेलरमध्ये मी एकच बदल सुचवायचा तर हाच सुचवेन. फ्रिज गॅसवरही चालतो, पण त्याला ट्रेलर सपाट उभा लागतो. कुरणात तिरका लावलात तर दूध नासलं म्हणून समजा. चालत्या गाडीत आम्ही गॅस सिलिंडरपाशीच बंद करतो, आणि पेट्रोल पंपावर तर नक्कीच.

स्वयंपाक. आत फोडणी दिली की स्मोक अलार्म वाजतो, रेवा कान टवकारते आणि शेजारचे घोडेही खिंकाळायला लागतात. त्यामुळे फोडणी बाहेर, ऑनिंगखाली, म्हणजे ट्रेलरच्या कडेला उघडणाऱ्या छपराखाली, सुट्या शेगडीवर. आत फक्त कुकर आणि चहा. छोटा प्रेशर कुकर गॅस वाचवतो आणि पहाटे चार वाजता मऊ भात, मेतकूट, तूप एवढंच पोटात राहतं. राइडनंतर नवऱ्याने पोहे केले की आजूबाजूचे दोन-चार ट्रेलर आपापल्या खुर्च्या घेऊन येतात. एकीने तर आता घरी मेतकूट मागवलंय.

टीव्ही, विजेची खोटी शेकोटी, लाकडी कोरीवकाम, बाहेरचे रंगीत दिवे यांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. वजन वाढवतात.

वजनावरून लायसन्सचा मुद्दा येतो, आणि तो बरेच जण विसरतात. टेक्सासात ट्रेलरची मर्यादा १०,००० पौंडांच्या वर असेल आणि ट्रक-ट्रेलर मिळून २६,००१ पौंड किंवा जास्त होत असतील, तर साधं लायसन्स चालत नाही. व्यवसायासाठी नसलं तरी क्लास ए काढावं लागतं. मोजतात ती दोन्हींवर लिहिलेली कमाल मर्यादा, त्या दिवशीचं प्रत्यक्ष वजन नाही. एक टनी ड्युअलीमागे (मागे चार चाकं असलेल्या मोठ्या पिकअपमागे) एलक्यू लावला की ही रेषा जवळ येते. नवऱ्याने परीक्षा देऊन क्लास ए काढलं. राज्याबाहेर जायचं तर घोड्यांची कॉगिन्स चाचणी (एका संसर्गजन्य आजारासाठीची रक्ततपासणी) आणि व्हेटचं आरोग्य प्रमाणपत्रही सोबत लागतं; आम्ही ते दारामागच्या प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवतो. रस्त्यातल्या बिघाडासाठी यूएसरायडरसारखी घोडेवाल्यांची सेवा घ्या, कारण साधे कार-क्लब घोडे भरलेल्या ट्रेलरला सहसा हात लावत नाहीत.

एक तक्रार आहे. ज्या डीलरकडून घेतला त्याने छताचे सगळे सांधे नव्याने सील केल्याचं सांगितलं होतं. पहिल्याच मोठ्या पावसात पलंगाच्या कोपऱ्यात पाणी उतरलं. वर चढून पाहिलं तर जुन्या तडकलेल्या सीलंटवर नुसता पातळ थर फिरवलेला. तीन फोन करूनही दाद मिळाली नाही. शेवटी नवऱ्याने जुनं सगळं खरवडून नवं भरलं. नंतरच्या पावसाळी राइडला आत कोरडं होतं.

वर्षातून दोन-तीनदाच, तेही वीज-पाणी असलेल्या मैदानावर जाणाऱ्यांनी एलक्यू घेऊ नये असं मला वाटतं. साधा ट्रेलर घ्या आणि तिथे केबिन भाड्याने घ्या. नव्या मोठ्या एलक्यूच्या किमती लाख डॉलर ओलांडतात, आणि उभ्या ट्रेलरचीही देखभाल करावीच लागते. रानात जाणाऱ्यांनी मात्र जरूर घ्यावा, आणि सेकंड हँडच बघावा.

बघायला जाल तेव्हा आधी घोड्यांच्या बाजूचे रबरी मॅट उचलायला लावा. जड असतात, दोन माणसं लागतात, डीलर टाळाटाळ करेल, पण हटू नका. घोड्याच्या मुताने मॅटखालचं ॲल्युमिनियम खाल्लेलं असू शकतं. पांढरी भुकटी आणि खड्डे दिसले तर तिथेच थांबा. टायरवरच्या डॉट (DOT) क्रमांकाच्या शेवटच्या चार आकड्यांत बनल्याचा आठवडा आणि वर्ष असतं. नक्षी नवी कोरी दिसली तरी सहा-सात वर्षांचे टायर बदलायचा खर्च किमतीतून वजा करून घ्या. पलंगाच्या कोपऱ्यांत हात फिरवून प्लायवूड मऊ झालंय का बघा. आणि फ्रिज, हीटर, गीझर तिन्ही गॅसवर पेटवून दाखवायला सांगा. सिलिंडर रिकामा आहे म्हणाले तर भरून ठेवा, उद्या परत येतो, असं सांगून निघा.