गिटारची तार झणझणते? वीस पात्यांचा फिलर गेज घ्या

ठाण्यातल्या वागळे इस्टेटमधल्या एखाद्या हार्डवेअरच्या दुकानात फिलर गेज (फट मोजायचा, ठरावीक जाडीच्या पोलादी पात्यांचा संच) मागा, दुकानदाराला वाटेल बाइकचे टॅपेट सेट करायचे आहेत. पण अकूस्टिक गिटारची तार नेमकी कुठे आणि का झणझणते हे शोधायला याच्याइतकं चोख हत्यार दुसरं नाही. ०.०५ ते १.०० मिमीच्या वीस पात्यांचा साधा सेट पुरतो. सेटअपच्या मजुरीपुढे किंमत किरकोळ.

घेताना सर्वांत पातळ पाती ०.०५ चीच आहे आणि चुरगळलेली नाही, एवढं पाहा. घरी आल्यावर पात्यांवरचं तेल कोरड्या फडक्याने पुसा, ते फ्रेटबोर्डच्या, म्हणजे फ्रेट (धातूच्या आडव्या पट्ट्या) बसवलेल्या फळीच्या, लाकडाला लागता कामा नये. तारा घामाने काळ्या पडल्या असतील तर आधी त्या बदला आणि सुरात लावा. मोजणी त्यानंतर.

सुरुवात नेकच्या (गिटारच्या दांड्याच्या) बाकापासून. पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, जाड सहावी तार नेक जिथे बॉडीला मिळतो त्या फ्रेटवर (बहुतेक गिटारवर चौदावा) दाबा आणि सातव्या फ्रेटचा माथा व तार यांमधली फट मोजा. डोळा तारेच्या पातळीवर हवा. पाती घासत जावी, पण तार उचलली जाऊ नये; उचलली गेली तर त्याहून पातळ पाती घ्या. ०.१० ते ०.२५ मिमी फट असेल तर नेकला हात लावू नका. फटच नसेल तर नेक सरळ झालाय किंवा उलटा वाकलाय, आणि पहिल्या चार-पाच फ्रेटवरची खरखर त्यामुळेच आहे. ट्रस रॉड (नेकच्या आतला, चावीने फिरवायचा धातूचा दांडा) घड्याळाच्या उलट दिशेने, एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा कमीच, सैल करा. पुन्हा सुरात लावा, पुन्हा मोजा. चावी अडली तर जोर लावू नका, गिटार कारागिराकडे न्या.

गेजचे खरे पैसे वसूल होतात ते नटवर, म्हणजे नेकच्या वरच्या टोकाला तारांसाठी खाचा असलेल्या पट्टीवर. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून पहिल्या फ्रेटवरची फट पाहा. ०.०५ ची पातीही जात नसेल आणि फक्त मोकळी तार झणझणत असेल, तर नटची खाच खोल गेली आहे. उलट ०.२० ची पाती सहज गेली तर खाच उंच आहे: पहिल्या फ्रेटवरचे सूर चढे लागतात आणि बोटं दुखतात. किती मुलं एफ कॉर्ड जमत नाही म्हणून गिटार सोडतात, आणि दोष त्यांच्या बोटांचा नसून नटचा असतो!

बाराव्या फ्रेटवरच्या ॲक्शनसाठी (फ्रेटपासून तारेच्या उंचीसाठी) मात्र हा गेज गैरसोयीचा. सहाव्या तारेला साधारण २.३ ते २.८ मिमी लागते, तेवढ्यासाठी पात्या एकावर एक रचण्यापेक्षा स्टीलची पट्टी बरी. खरखर एकाच फ्रेटवर असेल तर बहुधा त्याच्या पुढचा फ्रेट उंच असतो. जुन्या एटीएम कार्डाची सरळ कड एका वेळी तीन फ्रेटवर टेकवा. मधल्या फ्रेटवर कार्ड डुलत असेल तर तोच उंच. तो घासून समतल करणं घरचं काम नाही.

काही खरखर फ्रेटची नसतेच. तोच सूर दुसऱ्या तारेवर, दुसऱ्या फ्रेटवर वाजवा. तिथेही खरखरला तर काहीतरी सैल आहे: ट्यूनरचं (तार पिळायच्या खुंटीचं) आट्यांचं नट, पिकअपची (आवाज स्पीकरला पोचवणाऱ्या यंत्राची) वायर किंवा आतली सुटलेली ब्रेस (फळ्याला आधार देणारी लाकडी पट्टी). इथे गेजचा उपयोग शून्य. बोटाच्या पेराने बॉडीवर ठिकठिकाणी टकटक करून ऐकावं लागतं.

ठाण्यात एकदा मोजून भागत नाही. पावसाळ्यात हवेतल्या दमटपणाने बॉडीचा वरचा फळा फुगतो, ॲक्शन चढते. घोडबंदरच्या फ्लॅटमध्ये रात्रंदिवस एसी चालला की फळा सुकून बसतो आणि तार फ्रेटला लागू लागते. गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. म्हणून जूनआधीची आणि जुलैतली मापं वहीत लिहून ठेवा, म्हणजे हवामानामुळे झालेल्या बदलासाठी कुणी सॅडल (बॉडीवरची, तारा टेकणारी पट्टी) घासून कायमचं नुकसान करणार नाही.

या सेटची मोठी उणीव गंज. पावसाळ्यात मापं घेऊन झाली की पात्या पुसा, मशीन ऑइलचा थेंब फिरवा आणि सिलिका जेलच्या पुडीसकट झिप पिशवीत ठेवा, ०.०५ ची पाती आधी खराब होते.