जीपीएसला 'सॅटेलाइटचा वार्षिक चार्ज' नसतो

जीपीएसचा सिग्नल फुकट असतो. 'सॅटेलाइट अ‍ॅक्टिव्हेशन'चे पैसे कोणी मागितले तर त्या दुकानासमोर गाडी उभीसुद्धा करू नका. माझ्याकडून ते घेतले गेले. पैशांचं एक वेळ सोडा, पण डॅशबोर्डच्या मागे जे करून ठेवलं होतं त्याने एखाद्या दिवशी गाडी पेटली असती. खरं तर त्यासाठीच हे लिहितोय.

रत्नागिरी-राजापूर पट्ट्यात मी पर्यटकांना कातळशिल्पं दाखवायला नेतो. उक्षी, जांभरुण, कशेळी, बारसू, देवाचे गोठणे. २०२२ साली ही शिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली आणि विचारणा वाढली. पण सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावर, चारी बाजूंना सारखाच जांभा, पावसाळ्यानंतर गवत माजलेलं, आणि मोबाईलला रेंज असेलच असं नाही. म्हणून हातात धरायचा जीपीएस घेतला, दोन पेन्सिल सेलवर चालणारा. प्रत्येक शिल्पाची जागा त्यात नोंदवून ठेवलेली. गाडीत असताना तो डॅशबोर्डवर राहावा, उतरलं की खिशात यावा आणि गाडीत तो गाडीच्याच बॅटरीवर चालावा, म्हणजे सेल सड्यासाठी शिल्लक राहतील. काम एवढंच होतं.

हायवेवरच्या एका अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात ते दिलं. दुकान चकाचक, सीट कव्हर, म्युझिक सिस्टीम, सगळं. मालक बोलायला गोड. बिल झालं ६,५५० रुपये. त्यातल्या ओळी जशाच्या तशा देतो: सॅटेलाइट अ‍ॅक्टिव्हेशन व वार्षिक शुल्क २,४००, मरीन ग्रेड वायरिंग किट १,८५०, स्पेशल ब्रॅकेट १,२००, अँटेना कॅलिब्रेशन ६००, मजुरी ५००.

वार्षिक शुल्क कसलं, असं मी विचारलंच होतं. तो म्हणाला, "अहो दादा, पिवळ्या नंबरप्लेटच्या गाड्यांना जीपीएस लागतो ना, त्याचं रिचार्ज असतंच की. हे तसंच."

यातली चलाखी बघा. अर्धी गोष्ट खरी आहे. भाड्याच्या प्रवासी वाहनांना एआयएस-१४० या सरकारी मानकाप्रमाणे ट्रॅकर बसवावा लागतो, नव्या गाड्यांना १ जानेवारी २०१९ पासून. त्या ट्रॅकरमध्ये सिमकार्ड असतं, गाडी कुठे आहे ते तो मोबाईल नेटवर्कवरून कळवतो, पॅनिक बटण असतं. सिम आलं म्हणजे त्याचं रिचार्ज आलं. पण हातातला जीपीएस कोणाला काही कळवत नाही. तो नुसता ऐकतो. सुमारे २०,२०० किलोमीटरवरून फिरणारे उपग्रह वेळ आणि आपली जागा प्रसारित करत राहतात, यंत्र त्यावरून स्वतःचं ठिकाण मांडतं. कोण ऐकतंय हे उपग्रहाला ठाऊकच नसतं, मग तो अ‍ॅक्टिव्हेट कोणाला करणार? २००० सालच्या मे महिन्यापर्यंत अमेरिका नागरी सिग्नलमध्ये मुद्दाम चूक मिसळायची, तीही तेव्हा बंद झाली. पैसे लागतात ते काही कंपन्यांच्या नकाशांना, किंवा उपग्रहावरून मेसेज पाठवणाऱ्या यंत्रांना. माझं यंत्र तसलं नव्हतं आणि नकाशा मी आधीच भरलेला होता.

'अँटेना कॅलिब्रेशन' म्हणजे त्याने यंत्र उघड्यावर नेऊन पाच मिनिटं धरून ठेवलं.

पहिली शंका आली ती ब्रॅकेटवरून. देवाचे गोठण्याच्या सड्यावर होकायंत्र भरकटतं हे इकडे सगळ्यांना माहीत आहे, पाहुण्यांना मी ते हौसेने दाखवतो. पण माझ्या यंत्रातलं होकायंत्र घरच्या अंगणातही, गाडीत बसल्या बसल्या, समुद्र पूर्वेला दाखवायला लागलं! जागा बरोबर, दिशा चुकीची. ब्रॅकेट उलटा केला तर मागे जाडजूड लोहचुंबक, वर रबर चिकटवलेलं. मोबाईल अडकवायचा साधा स्टँड तो. ज्या यंत्रात होकायंत्र आहे तेच नेमकं चुंबकावर बसवलं होतं.

मग जुलैत गाडी काही दिवस उभी राहिली आणि स्टार्टच होईना. बॅटरी जुनी होती, मान्य. पण आमच्या वाडीजवळच्या वायरमन काकांनी स्टिअरिंगखालचं कव्हर काढलं आणि आत टॉर्च मारून आधी काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "कोणी केलान हो हे काम?"

मरीन ग्रेड वायर म्हणजे स्पीकरला वापरतात ती बारीक लाल-काळी जोडवायर होती. चावीच्या मागून लाइन घेण्याऐवजी तिला थेट, कायम चालू असलेली लाइन दिलेली, म्हणून गाडी बंद केली तरी बॅटरीचे व्होल्ट यंत्रापुरते कमी करणारा कन्व्हर्टर रात्रंदिवस चालूच. जोड म्हणजे दोन पिळे आणि वर काळी टेप. उकाड्याने टेपचा चिकट ओघळून पिळा उघडा पडला होता. वायर पत्र्याच्या कडेवरून नेलेली, तिथे वरचं प्लास्टिक घासून तांबं दिसत होतं. ते तांबं खाऱ्या हवेने हिरवं पडलेलं. आणि फ्यूज? नव्हताच. वायर पत्र्याला टेकली असती तर बॅटरीचा सगळा करंट त्या सुतळीएवढ्या वायरीतून गेला असता. काकांनी कन्व्हर्टरला मीटर लावला. पाच व्होल्ट यायला हवेत, तिथे इंजिन चालू असताना साडेसहा.

सगळं मोबाईलवर फोटो काढून मी दुकानात गेलो. वायरिंगचं त्याने पोऱ्यावर ढकललं, पोऱ्या काम सोडून गेला म्हणे. सॅटेलाइटचे पैसे 'वर भरले', ते परत येत नाहीत. वर म्हणजे कुठे, पावती दाखव म्हटल्यावर आवाज चढला. बिल नीट बघितलं तर त्यावरचा जीएसटी नंबर २७ ने सुरू होत होता खरा, पण मोजला तर १४ अक्षरांचा. जीएसटी नंबर १५ अक्षरांचा असतो आणि तो पोर्टलवर टाकला की दुकानाचं नाव येतं. काउंटरवर उभ्या उभ्या होणारी तपासणी आहे ही.

ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदवली आणि तक्रारीचा नंबर दुकानदाराला पाठवला. २,४०० रुपये परत आले, तेही 'दादा तुमच्यासाठी म्हणून'. बाकीच्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहे. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला तिथे फी नाही, मुदत दोन वर्षांची असते. बिल, फोटो आणि ती कापून काढलेली वायर पिशवीत ठेवली आहे.

आता काकांनी केलेलं काम असं: लाइन चावीमागून, फ्यूजबॉक्समधून घेतली, उगमापाशीच छोटा फ्यूज, पत्र्यातून वायर जाते तिथे रबरी बूच, जोड सोल्डरिंगचा डाग देऊन वर स्लीव्ह. स्टँड पकडीचा, चुंबक नाही, काचेसमोर न येणारा. सामान आणि मजुरी धरून हजाराच्या आत. ज्यांना वायर ओढायचीच नाही त्यांनी लायटरच्या सॉकेटमध्ये बऱ्यापैकी चार्जर लावावा, कव्हर उघडायची गरजच नाही. आणि कुठेही काम केलं तरी कव्हर बंद करायच्या आधी स्वतः आत बघा, फ्यूज कुठे आहे ते बोट ठेवून दाखवायला सांगा.

परवा त्या दुकानावरून गेलो. बाहेर नवा बोर्ड लागलाय, 'भारतीय नाविक सॅटेलाइट अ‍ॅक्टिव्हेशन करून मिळेल'. नाविक म्हणजे जीपीएससारखीच आपली भारतीय उपग्रह यंत्रणा, तिचा नागरी सिग्नलही फुकटच आहे.