मृत्युपत्र, वाचनालय आणि तीन जिने

वकिलांना जाहिरात करायला बंदी आहे, त्यामुळे ‘माझं नाव कुठे टाकू नका हं काकू’ असं माझं मृत्युपत्र करून देणाऱ्या वकीलबाईंनी बजावलंय. साताऱ्यातल्या आहेत एवढं सांगते. ऑफिस तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. पाचातला एक तारा तिथेच कापला. माझं वय ७१, गुडघे त्याहून म्हातारे.

मी पोस्टातून रिटायर झाले. मूलबाळ नाही, आमचे हे जाऊन सहा वर्षं झाली. दोन खोल्यांचा फ्लॅट माझ्या नावावर, थोड्या ठेवी. त्यातलं काही भाचीला आणि काही आमच्या पेठेतल्या वाचनालयाला द्यायचं, एवढंच डोक्यात होतं. ह्यांची संध्याकाळ तिथेच जायची. सुटलेल्या पुस्तकांच्या पाठी घरी आणून दाभणाने शिवायचे, आणि खळ शिजवायचं काम माझं. भातापेक्षा खळ जास्त शिजवली असेन.

आधी भाचीने मोबाईलवर एका कंपनीचं घरबसल्या मृत्युपत्र भरायला घेतलं. त्यात ‘लाभार्थीशी नातं’ हा रकाना भरल्याशिवाय पुढे जाता येईना. यादीत सून, जावई, सावत्र भाऊसुद्धा, पण वाचनालय माझं कोण लागतं? ‘इतर’ केलं तर त्याने वाचनालयाची जन्मतारीख मागितली. बंद केलं. भरलेले पैसे गेले ते गेलेच.

वकीलबाईंनी पहिल्या भेटीत नुसते प्रश्न विचारले. मी ऐटीत सांगितलं, सगळ्या ठेवींवर भाचीचं नॉमिनेशन आहे, म्हणजे त्यांचं तर मिटलं. त्या म्हणाल्या, ‘‘काकू, नॉमिनी म्हणजे पैसे हातात घेणारा. मालक कोण, ते मृत्युपत्रात लिहायचं.’’ ३१ वर्षं काउंटरवर बसून मी लोकांचे नॉमिनेशनचे फॉर्म भरून घेतलेत. गप्प बसले.

मग फ्लॅट. अर्धा फ्लॅट वाचनालयाच्या नावे करावा, असं माझं चाललं होतं. बाईंनी मोडता घातला. वाचनालय म्हणजे सार्वजनिक ट्रस्ट, आणि ट्रस्टला जागा विकायची तर १९५० च्या ट्रस्टांच्या कायद्यातल्या कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. त्यात अर्धी मालक भाची. कमिटीतली मंडळी सत्तरीची, फायली घेऊन किती फिरणार? त्यापेक्षा फ्लॅट एक्झिक्युटरने, म्हणजे मृत्युपत्राप्रमाणे वाटणी करणाऱ्या माणसाने, विकायचा आणि येतील त्या पैशांतले ४० टक्के वाचनालयाला द्यायचे, असं लिहिलं. मी पाच लाख असा सरळ आकडा म्हणत होते. पण पुढे पाच लाखांत काय येईल कुणास ठाऊक, आणि माझ्या आजारपणात ठेवी संपल्या तर तो आकडा भाचीच्या वाट्यातून जायचा. हे पटलं. वाचनालयच बंद पडलं तर पैसे कुणाला, तेही त्यांनी विचारलं. ते सांगताना मात्र घसा दाटला.

सगळ्यात छळलं ते नावावरून. मध्यंतरी एका देणगीदाराच्या वडिलांचं नाव वाचनालयाच्या पुढे लागलं. ते पाटीवर चढलं, नोंदणीत नाही. मला दोनदा परत पाठवलं: दाखल्याची झेरॉक्स आणा, १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखालचा नंबर आणा, धर्मादाय कार्यालयाचाही आणा. दुसऱ्यांदा मी चिडलेच. तर म्हणतात, ‘‘हे वाचतील तेव्हा विचारायला तुम्ही नसणार ना.’’ आणि एवढं करून टायपिस्टने मसुद्यात तीन ठिकाणी ‘वचनालय’ छापलं! मी लाल पेनने गोल करून दिले. जुनी सवय.

मृत्युपत्राला स्टॅम्प लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही, दोन साक्षीदारांच्या सह्या पुरतात. साक्षीला शेजारचं जोडपं घेतलं. वाचनालयाच्या कमिटीतलं कुणी नको, असं बाईंचंच म्हणणं. डॉक्टरांचा दाखलाही घेतला. सक्ती नसली तरी मी हौसेने मृत्युपत्र नोंदवलं. नोंदणी कार्यालयात माझा अंगठा मशीनवर उमटेना. भांडी घासून रेषा गेल्यात म्हणे. ‘आजी, पदराला पुसा’, ‘आजी, जरा दाबा’, असं करत सातव्यांदा उमटला. बाई तोवर शेजारी उभ्या होत्या, घड्याळाकडे एकदाही बघितलं नाही. फी सगळी मिळून ८,००० रुपये, पावती न मागता दिली.

नंतर वाचनालयात सांगायला गेले. चिटणीस उठून उभे राहिले, खुर्ची पुसली, चहा मागवला. काउंटरवर नवा मुलगा आहे, पावतीपुस्तक उघडूनच बसलेला. म्हणाला, ‘‘काकू, मग साधारण कधीपर्यंत जमा होतील?’’

चिटणीसांचा चहा बशीत सांडला. मी म्हटलं, ‘‘या मार्चएंडला तर नाही रे धरता यायचं.’’